खाटेखालची सवत

नात ऋतिका दहावीला बसली त्या वर्षीची गोष्ट. श्रावण सरत आला होता. बयाबाईने खाटेखालून गिटारीची काळी पेटी पुढे ओढली, झाकणावरून बोट फिरवलं आणि ते दारातल्या उजेडात धरून पाहिलं. बोटाला पिवळसर पीठ लागलं होतं. तांदळाच्या कोंड्याहून बारीक, पण वास लाकडाचा.

खाटेवर तिचा नवरा कुशाबा पडून होता. उजवं अंग भिंतीकडे, डावं दाराकडे. डावं लुळं पडल्याला तीन वर्षं झाली होती. उजवा हात आणि कान तेवढे पहिल्यासारखे राहिले होते.

"पीठ पडलंय," बयाबाई म्हणाली.

कुशाबाला बोलायला वेळ लागे. शब्द आधी गालात गोळा करायचा, मग सोडायचा.

"किडा," तो म्हणाला. "रातीचा आयकू येतोय. कुरकुर, कुरकुर."

"कुटं?"

त्याने छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग उजवा हात अंगावरून ओलांडून त्याने खाली पेटीकडे बोट केलं.

"तिच्यात."

बयाबाई पेटीसमोर उकिडवी बसून राहिली. चाळीस वर्षांत झाडू मारताना तिने ही पेटी शेकडो वेळा सरकवली होती. उघडली एकदाही नव्हती.

कुशाबा मूळचा कौलं चाळणारा. पावसाळ्याआधी मुठा गावाहून निघून तो पार पुण्यापर्यंत छपरं करत जाई. कॅम्पातल्या एका जुन्या घरावर बसून कौलं लावताना खालून गिटारीचे सूर येत, आणि हा वर मान डोलवी. घरात बँडमध्ये वाजवून थकलेला एक म्हातारा राहत होता. त्याने कौलाच्या फटीतून ही डोलणारी मान पाहिली आणि पोराला खाली बोलावलं. दोन उन्हाळे शिकवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात म्हातारा लेकीकडे कायमचा निघाला, तेव्हा आपल्या बापाच्या वेळची ती गिटार त्याने कुशाबाच्या गळ्यात घातली. एवढंच सांगितलं, हिला पाणी दाखवू नको आणि ऊन दाखवू नको.

मग कुशाबा गायन पार्टीत गेला. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमा उलटेपर्यंत गावोगाव कार्यक्रम असत. ढोलकी आणि हार्मोनियम सगळ्याच पार्ट्यांकडे होती, गिटार फक्त यांच्याकडे. अख्ख्या मुठा खोऱ्यात त्याचं नाव झालं. पण नेमक्या त्याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे असत. बयाबाईने तान्ह्या लेकाला, सोमनाथला, पाठीशी बांधून, शेण आणि पालापाचोळा वाहून, धुरात डोळे चोळत एकटीने राब भाजले. एका वर्षी मे महिना संपता संपता कुशाबा पेटी खांद्यावर टाकून वस्तीत शिरला, तेव्हा शेजारच्या गोजराबाईने हाळी दिली होती, "बये, सवत आली गं तुजी!"

बाया हसल्या. बयाबाईही हसली. मात्र घरात आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "भाईर काय वाजवायचं त्ये वाजवा. माज्या घरात ती बोलायची न्हाई."

कुशाबाने ते पाळलं. घरात गिटार कधी वाजली नाही. आणि आता तो वाजवू म्हटलं तरी वाजवू शकत नव्हता.

पण सवत झाली तरी घरातली होती. बयाबाईच्या तांदळात कधी सोंडा दिसला नव्हता, घोंगडीला कधी कसर लागली नव्हती. अर्धा माणूस तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. त्याचं जे काही उरलं होतं, ते किड्याच्या तोंडी द्यायला ती तयार नव्हती.

तिने पेटीच्या कड्या उघडल्या.

*

बयाबाईला किड्यावर एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे ऊन. डाळ असो, गोधडी असो, ऊन दाखवलं की कीड निघते. दोन दिवसांनी चांगली उघडीप मिळाली. कुशाबाचा डोळा लागलेला पाहून तिने गिटार उचलली, अंगणात गोधडी पसरली आणि पापड वाळत घालावेत तशी ती पालथी घातली.

दहा मिनिटंही झाली नसतील. आतून ठाण ठाण आवाज यायला लागला. सून पल्लवी चुलीपुढून उठून धावली. कुशाबा स्टीलचा पेला भिंतीवर आपटत होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता, मान ताठ झाली होती, डोळे दाराबाहेर लागले होते.

"आत्या, आत आना ती," पल्लवी दारातून म्हणाली. "दादांचा जीव जाईल अशानं."

बयाबाईने गिटार आत आणली. लाकूड कढईसारखं तापलं होतं. तिने ती त्याच्या छातीवर ठेवली, तेव्हा त्याने उजव्या हाताने गिटारीची पाठ चाचपली, लहान मुलाचा ताप बघावा तशी.

"ऊन न्हाई," तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

"मग किडा कसा मारायचा? माज्याकडं दुसरी इद्या न्हाई."

"आदी बग. किती पोखरलंय त्ये."

"कसं बगू? भोक तर दिसंना कुटं."

"वाजव."

"म्या?"

"मडकं घेताना वाजवून घेतीस का न्हाई?" त्याने दम घेतला. "किडा आतनं पोकळ करतो. मग आवाज बसका येतो."

हे बयाबाईला पटलं. बाजारात मडक्यावर टिचकी मारून तिने कुंभाराच्या तोंडावर तडकलेलं मडकं परत केलं होतं. तिने पदराला हात पुसला आणि जाड तारेवर अंगठा मारला. घूं करून आवाज निघाला, पार जमिनीतून आल्यासारखा. तिने हात मागे घेतला.

चाळीस वर्षांनी ती घरात बोलली, आणि तिला बोलायला लावलं बयाबाईनेच.

*

त्या दिवसापासून बयाबाईने कंबर कसली. ओढ्याकाठची निर्गुडी तोडून आणली, सावलीत वाळवली आणि पेटीत पसरली. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून चारी कोपऱ्यांत ठेवले. पेटी खाटेखालून हलवून स्टुलावर मांडली, आणि मुंगी-मुंगळा चढू नये म्हणून स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. भोक सापडलं तर बुजवायला मधाच्या पोळ्याचं मेण आणलं. ते एका डबीत घालून डबी कुशाबाच्या उशाशी ठेवली.

जुन्या तारा काळ्या पडल्या होत्या. सोमनाथ भुकूमच्या एका सोसायटीत पंप आणि लिफ्ट बघायचा. त्याने पुण्यातून नव्या तारा आणल्या. कुशाबा सांगे, बयाबाई ओढी, पल्लवी खुंटी फिरवी. तिघांची एक गिटार होता होता रविवार गेला.

मग रोज दिवेलागणीआधी एक काम ठरून गेलं. बयाबाई खाटेच्या कडेला बसायची, गिटार मांडीवर घ्यायची आणि वरून खाली एकेक तार छेडायची. कुशाबा डोळे मिटून ऐकायचा. "दुसरी चढीव," म्हणायचा. ती खुंटी पिळायची. "अजून. अजून. हां." त्याची मान हलली की तार बरोबर. शेवटी ती गिटारीचं पोट त्याच्या कानाला लावायची.

"हाय का?"

"हाय. आत हाय."

पेटीवर पुन्हा कधी पीठ दिसलं नाही. तरी किडा आत होताच. बयाबाई म्हणायची, गेला असंल खोल, पन निगंल कदी ना कदी, मी हितंच बसलेय.

सोमनाथ एकदा वैतागला. "आये, आमच्या सोसायटीत औषध मारनारा येतो. सुईनं आत सोडतो. एका दिसात निकाल."

"न्हाई," खाटेवरून आवाज आला.

"का दादा?"

"औषधानं लाकूड मुकं व्हतं."

"आन किड्यानं?"

कुशाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत ऋतिका मोबाईल घेऊन शेजारी बसली. आज्जीने तार छेडली की मोबाईलवर एक काटा हले, आणि सूर जुळला की हिरवा दिवा लागे. सहाही तारांना सहा वेळा हिरवा दिवा लागला.

"आज्जी, तू तर एक्स्पर्ट झालीस. सगळ्या बरोबर आहेत."

"तिसरी उतरलीय," कुशाबा म्हणाला.

"नाही आजोबा, हे बघा ना. हिरवा."

"मोबाईलला काय कळतंय."

बयाबाईने तिसरीची खुंटी थोडी ढिली केली, पुन्हा आवळली, छेडली. ढिली केली, आवळली, छेडली. सातव्या-आठव्या खेपेला कुशाबाने मान हलवली. ऋतिकाने मोबाईलकडे पाहिलं. काटा होता तिथेच होता. ती हसून अभ्यासाला गेली.

थंडीत बयाबाईच्या लक्षात आलं, मेणाची डबी अर्धी झाली होती.

"उंदीर लागलाय मेनाला," तिने पल्लवीला सांगितलं. "एका किड्यापायी आता उंदीर पाळायचे."

"उंदीर मेन खातो व्हय आत्या?"

"खातो म्हंजे. साबन खातो, मेन का सोडंल?"

तिने पिंजरा आणून खाटेखाली लावला, भजी अडकवली. कुशाबा ते सगळं एका डोळ्याने बघत होता. त्याच्या तोंडाची उजवी बाजू हलली. त्याला हसताना बघून बरेच दिवस झाले होते, म्हणून ती हातातलं काम टाकून बघत राहिली.

"काय झालं हसायला?"

"उंदीर," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द गालातच राहिला.

पिंजऱ्यात काही सापडलं नाही. भजी मात्र रोज नवी लावावी लागली, कारण शिळी झालेली भजी मांजर खाऊन जाई.

माघानंतर कुशाबाचं बोलणं अजून कमी झालं. तारांचे आकडे तो बोटांनी सांगू लागला. तीन बोटं वर केली की बयाबाई तिसरी खुंटी धरायची. तिला आता त्याच्याआधी कळत असे, कोणती उतरली आणि कोणती नाही. तरी ती थांबायची. तो ज्या तारेचं बोट दाखवील, तीच पिळायची.

*

मार्च संपत आला. सोमनाथने रिकामी खाट अंगणात काढली आणि धुवायला आडवी केली. पाणी ओतता ओतता तो थांबला.

"आये, जरा हितं ये."

बयाबाई पदर सावरत आली. खाटेच्या भिंतीकडच्या दांड्याला, उशापाशी, खालच्या अंगाला ओळीने बारीक भोकं होती. वीसेक असतील. सोमनाथने दांड्यावर बोटाने टकटक केलं. आवाज बसका आला.

"हितं व्हता किडा," तो म्हणाला. "दांडा पार पोकळ झालाय. पेटी खालीच असायची ना तवा, म्हनून तिच्यावर पीठ पडलं. गिटारीत काय नव्हतंच आये. दादांच्या कानाखालीच तर कुरतडत व्हता, तरी त्यास्नी कळलं न्हाई बग."

बयाबाई खाली वाकली. एकाही भोकातून पीठ पडत नव्हतं. प्रत्येक भोकात मेण दाबून बसवलं होतं. मेणावर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, एकावर एक, एकाच अंगठ्याचा. तिने आपला अंगठा एका ठशावर ठेवला. तिचा लहान पडला.

"उंदीर," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"काय न्हाई."

"जाळून टाकू का दांडा? किडा दुसऱ्या लाकडाला लागंल."

"जाळायचं नाव काढू नगंस. ऊन दाखव खाटंला. हिला चालतंय ऊन."

सोमनाथने खाट उन्हात सरकवली. बयाबाई घरात गेली. स्टुलाखालच्या वाट्यांतलं पाणी आटलं होतं, ते तिने भरलं. पेटी उघडली, निर्गुडीचा पाला बाजूला केला, गिटार मांडीवर घेतली आणि वरून खाली एकेक तार छेडली. सहाही बरोबर होत्या.

तिने तिसरीची खुंटी थोडी ढिली केली. मग सावकाश पुन्हा आवळली.

कुशाबा वारला तो त्याच मार्चच्या पंधरा तारखेला, पहाटे, ऋतिकाचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता तेव्हा.