पाळीचं पानी आन् हॉटेलची पेटी

हन्नू, बस हितं धाब्यावर, आन् मधी बोलू नगंस. नुसतं ऐक. मला ठावं हाय तू आत्ताच मेकनेसच्या बसमधनं उतरलीस, तोंडावरची धूळबी धुतली न्हाईस. पन हे सांगितल्याबिगर मी तुला खाली जाऊ देनार न्हाई.

आपल्या बास्सूचं सांगते. हद्दूकाकाचा बास्सू. नुसता चुलतभाऊ असता तर म्हनले असते, चुलता-पुतन्या, भाऊबंदकी, चालायचंच. पन त्यो माझा दूधभाऊ गं. मी जलमले तवा आई तापानं फनफनली व्हती, फाद्माकाकूनं एका अंगाला त्याला धरलं आन् एका अंगाला मला. तुला ठावं हाय सगळं. तरी सांगते, कारन पुढलं ऐकताना ते ध्यानात ठिव.

आमच्या नेटची दशा तू बघितलीयास. तार येती सडकेपस्तोर, म्हंजी काकाच्या घरापस्तोर, आन् तितंच तिचा जीव जातो. बिल दोन्ही घरं मिळून भरतो, पन आमचं घर पडलं मागल्या बोळात. मधी हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. त्या भिंतींनी उन्हाळ्यात ऊन आत येत न्हाई, तसं नेटबी येत न्हाई. साऱ्या घरात एकच ठिकान व्हतं, धाब्यावर भट्टीच्या कडंला, तितं जरा लागायचं. आई भाकरी टाकायची आन् मी धुरात डोळं चोळत फोन धरून बसायची. आई म्हनायची, "इत्तू, एक दिस भाकरीच्या जागी तुलाच काढीन बघ, खरपूस भाजलेली."

आन् मंग राजधानीतनं, त्या रबातच्या कंपनीच्या नोकरीचं आलं. घरी बसून फोन घ्यायचे, गिऱ्हाइकाचं गाऱ्हानं ऐकायचं, फ्रेंचमधनं गोड बोलायचं. आपल्या भागातनं एकच मानूस घेनार व्हते. मुलाखत पडद्यावर, आन् अट अशी की बोलताना लाइन तुटली तर तुमचं नाव कटलं. मला ती जागा का पायजे व्हती ते तुला सांगाया नगं. बा नं सांगूनच ठिवलं व्हतं, ईद झाली की कासाब्लांकाला आत्याकडं. आत्याकडं म्हंजी आत्याची पोरं सांभाळायची, भांडी घासायची, आन् आत्यानं "आमच्या घरच्यावानीच हाय हो ती" असं शेजारनीला सांगायचं. जागा मिळाली तर मी हितंच. माझी माती, माझी खजुरं, माझी आई.

पन लाइन? नवं सामान घ्यायचं म्हनलं तर शेळ्या इकाव्या लागल्या असत्या. तवा बास्सूच म्हनला, "नवं कशाला? लोकांनी टाकलेलं आपल्याला सोनं. चल रिसानीच्या बाजाराला."

माझ्या दोन तलंगा कोंबड्या काखेत मारल्या आन् गेलो. गाढवांच्या बाजारामागं त्यो जुन्या सामानवाला बसतो बघ, ताडपत्रीवर चार्जरांचा ढीग घालून, मेल्या सापांवानी. त्याच्याकडं नेटची एक निळी पेटी घावली, दोन शिंगांची. बास्सूनं फुंकर मारली तर आतनं पसाभर वाळू निघाली.

"कुनाची ही, मामा?"

"वाळूच्या टेकाडाकडच्या हॉटेलची. हॉटेल बुडालं, पेटी तरली."

"चालू हाय का पन?"

"पोरी, उंट घेताना दात बघत्यात. हिला दात न्हाईत. न्हे घरी. न्हाई चालली तर माघारी आन. कोंबड्या मातुर मागू नगंस, त्या तवर पोटात गेलेल्या असतील."

बास्सूनं घासाघीस केली. लई गोड जीभ हाय त्याची. निळ्या पेटीवर एक धाकली पांढरी पेटी घेतली, हॉटेलातल्या कॅमेऱ्यांच्या तारेची भेंडोळी घेतली, आन् बदल्यात दोन तलंगा आन् संगं आनलेली काकाच्या घरची जुनी मरतुकडी पेटी देऊन टाकली. ही जुनी पेटी दिलेली ध्यानात ठिव हां. पुढं लागती.

मंग काय, दोन दिस आम्ही वानरावानी धाब्यांवरनं पळत व्हतो. तार तुकड्यातुकड्यांची. एकेक रंगीत धागा धाग्याला जुळवायचा, वरनं प्लास्टिकची पिशवी, वरनं खजुराच्या सालाची दोरी. वाऱ्यानं हलू नये म्हनून दगड. एकदा शेजारच्या मोहाबाबाच्या शेळीनं जोड चावला, तर बास्सू तिला म्हनतो, "मावशे, तुला मुलाखत द्यायची व्हती का?" हसून हसून मी धाब्यावर आडवी झाले.

निळी पेटी काकाच्या घरी बसवली, तारेच्या तोंडाशी. पांढरी आमच्या मधल्या घरात. मागची हॉटेलची सगळी आठवन पुसायला त्या बारक्या भोकात काईतरी खुपसायचं असतं, तर आईची गालिच्याची सुई खुपसली. आन् लागलं की गं! भट्टीपाशी न्हवं, पार आत, आईच्या गालिच्याच्या मागापाशी! आई तर मागावरनं उठून फोनला हात लावून बघत व्हती, गरम हाय का म्हनून. हॉटेलचं नाव तेवढं आम्ही परत घातलं, गंमत म्हनून. तर पाटाच्या पाळ्या बघनारा पाटकरी, त्यो मोहाबाबा, दारात येऊन म्हनतो, "इत्तू, नातवाच्या फोनात तुमचं हॉटेल दिसतंय गं. एक खोली दे की, न्याहारीसकट."

आता मुद्द्याचं ऐक. त्या निळ्या पेटीत दारं हायती. खरंच. कुन्या घराला किती सोडायचं, कुनाचं आडवायचं, ते त्या पेटीच्या आत शिरून ठरवता येतं. आन् आत शिरायची एक किल्ली असती, पासवर्ड. शहरातल्या कुनी काय केलं असतं? पेटी माझ्या कोंबड्यांची, तवा किल्ली माझी. तू तरी तेच केलं असतंस. पन आम्ही पडलो पाटाच्या पान्यावर जगनारी मानसं. बास्सूनं इचारलं, "किल्ली कुनाकडं ठिवायची?" आन् बा हसला. म्हनला, "त्यात इचारायचं काय? वरच्या अंगाचा सोडतो, खालच्या अंगाचा घेतो. आजोबांच्या आजोबापास्नं पाट वाहतोय, कधी कुलूप बघितलंस त्याला?" पेटी वरच्या अंगाला, काकाकडं. तवा दारं धरायचा मानूस बास्सू. मलाबी तेच बरूबर वाटलं. माझ्या मनात दुसरं आलंच न्हाई गं! आपल्या शिवारात आपलं पानी आपन वर जाऊन तोडून आनतो का? वरचा देतो. देतोच.

आन् बास्सूनं सरळ पाटात हात बुडवला, मोहाबाबासमोर, आन् बोलला, "इत्तूच्या मुलाखतीच्या टायमाला सगळं पानी इत्तूचं. आमच्या घरात तवर कोरड." पाटात हात घालून बोललेलं कुनी मोडलेलं मी तरी ऐकलं न्हवतं.

त्यानं माझी तयारीबी करून घेतली. त्यो रबातचा सायेब व्हायचा, डोक्याला आईचं फडकं बांधून, आन् मी उत्तरं द्यायची. "मादमोझेल इत्तू, गिऱ्हाईक शिव्या द्यायला लागलं तर?" मी म्हनायची, "आमच्याकडं वाळूचं वादळ येतं तवा आम्ही त्याच्याशी भांडत न्हाई, पाठ करून बसतो आन् सरलं की दार उघडतो." फ्रेंचमधनं जुळवायला मला किती रात्री लागल्या ते माझं मला ठावं. त्यो म्हनायचा, "वा! परत म्हन. आनिक एकदा." मला वाटलं, माझ्यासाठी म्हनतोय.

आदल्या दिशी सांजच्याला आला आन् आईचा तांबडा गालिचा मागून घेऊन गेला. "पावनं येनार हायती, भिंतीला लावतो." आईनं वर बदामबी दिले मूठभर, पावन्यांसाठी.

मुलाखतीच्या दिशी पूर्वेचा त्यो ऊन वारा सुटला व्हता. तोंडात रेती करकरत व्हती. आईनं बोळात उभं राहून शेळ्यासुदिक गप्प केल्या. पडद्यावर एक बाई आली, चांगली हसरी. "इत्तू, तुमच्या गावाबद्दल सांगा." मी तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलले, आन् बाई थिजली. हसू तसंच तोंडावर, चितरावानी. मंग तुटक तुटक आवाज आला, "ऐकू... न्हाई... इत्तू?" आन् गेली. पडदा काळा.

मला वाटलं, शेळी! न्हाईतर वाऱ्यानं जोड उडाला. अनवानीच धाब्यावर पळाले. तार हातात धरून एकेक जोड चाचपत निघाले, वाळूनं डोळं भरलेलं, तोंडानं देवाचं नाव. पहिला जोड शाबूत. दुसरा शाबूत. मोहाबाबाच्या धाब्यावरचा शाबूत. दोरीची गाठसुदिक हलली न्हवती. तशी चाचपत चाचपत काकाच्या धाब्यावर पोचले, आन् सवन्यातनं, उजेडाच्या त्या भोकातनं, आवाज आला.

"आमच्याकडं वाळूचं वादळ येतं तवा आम्ही त्याच्याशी भांडत न्हाई..."

हन्नू, मी वाकून बघितलं. खाली बास्सू बसलेला. पांढरा सदरा, इस्त्रीचा. केस पानी लावून चापून बसवलेले. मागं भिंतीला माझ्या आईचा तांबडा गालिचा. समोर पडद्यावर तीच हसरी बाई, आन् ती थिजलेली न्हवती. चांगली मान डोलवत व्हती.

मी हाक मारली न्हाई. मारली असती तर त्याचंबी नाव कटलं असतं, एका शब्दात. का न्हाई मारली ते मला इचारू नगंस. सवन्याच्या कडंला बसून राहिले. माझीच वाक्यं खालनं एकेक वर येत व्हती, आन् हर वाक्यागनिक मला ठावं व्हतं पुढलं काय.

झालं त्याचं. वर बघितलं त्यानं.

"आगं इत्तू... तू कवा आलीस?"

"तारेसंगं आले. तुटली का बघत व्हते."

"मी तुझं बंद न्हाई केलं हां. आईशप्पत. जरासं वळवलं फकस्त. दोघांना पुरंना."

"हात बुडवला व्हतास पाटात."

"मीबी नाव घातलं व्हतं, तुझ्या मागोमाग माझा नंबर, आन् जागा एकच व्हती गं! आन् तुझं काय, तुझं आज न्हाई उद्या लगीन व्हईल. माझ्याकडं कोन बघतंय? बाकीची पोरं शहरात गेली, अख्ख्या गावात मीच एक उरलो, फावडं मारत, पेट्या दुरुस्त करत हिंडतो."

"तर मंग फावडंच घालायचं व्हतंस डोक्यात. गालिचा कशाला न्हेलास?"

त्यानं मागं वळून गालिच्याकडं बघितलं. म्हनला, "रंग चांगला दिसतो पडद्यावर."

त्याला जागा मिळाली. उद्या सकाळी त्याचं काम सुरू. आन् बा नं माझी पिशवी शिवायला टाकली.

आता ह्यापुढं ऐक. काल आमच्या पान्याची पाळी व्हती. पाटाला आम्ही वरच्या अंगाला आन् काकाचं शेत खालच्या अंगाला, तुला ठावं हाय. बा च्या गुडघ्यांमुळं दारं मीच धरते. खांद्यावर कुदळ, पाय चिखलात. आमचा लसूणघास भिजला, खजुरांची आळी भरली, आन् खुनेच्या दगडावर सावली आली. म्हंजी आमचं सरलं, आता दारं मोडून काकाला सोडायचं. खाली बास्सू उभा, इजार गुडघ्यापस्तोर गुंडाळून. त्यांचा घास पिवळा पडलेला, काकूची गाय त्याच्यावरच जगती. मी कुदळ टेकून उभी राहिले. मोहाबाबा बांधावर बसलेला, त्यानं सगळं ऐकलेलं असनार, पन म्हनला फकस्त येवढंच, "पोरी, सावली आली."

मी जरा वळवलं असतं. जरासंच. आनिक एक वाफा माझा, येवढंच.

मी दारं मोडलं. पानी धावलं खाली. बास्सूचं डोळं भरलं गं, खोटं न्हाई सांगत. म्हनला, "इत्तू, मला वाटलं न्हवतं तू—"

"पानी तुझ्या बापाचंबी न्हाई आन् माझ्या बापाचंबी न्हाई," मी म्हनले. "पेटी मातुर माझ्या कोंबड्यांची हाय."

चिखलाच्या पायांनी गेले त्यांच्या घरात, निळी पेटी उपटली, काखेत मारली, घरी. माझंबी नेट गेलं, गेलं तर गेलं. पन बास्सूकडं आता काई न्हाई. जुनी पेटी भंगारात दिलेली, बाजार परवा, आन् काम उद्या.

आज सकाळी फाद्माकाकू आली. ताटात मसाला भरलेली भाकर, वर फडकं, वाफ येतीय अजून. बास्सूनं काय केलं ते तिला ठावं न्हाई, बघ. तिला वाटतंय पोरापोरांचं भांडान. म्हनली, "इत्तू, तू पानी सोडलंस, बास्सू सांगत व्हता रडून. पानी सोडनारी पोर तू, मंग त्या पेटीचं काय येवढं? दे की माघारी. मी कवा काय मागितलं का गं तुझ्यापाशी?"

आई मागावर पाठमोरी. गालिचा अजून तिकडंच हाय, त्यांच्या भिंतीला.

मी "आले" म्हनून वर धाब्यावर आले, आन् तवर बोळात तू दिसलीस. ती खालीच बसलीय, ताटावरचं फडकंबी काढलं न्हाई. पेटी ही बघ, हितं, माझ्या पदराखाली. अजून वाळू गळतीय हिच्यातनं.

सांग की गं हन्नू. त्या बाईचं दूध तू प्याली असतीस, तर काय केलं असतंस?