दोन तपकिरी बाटल्या

फोटोग्राफरच्या घरात बायकोचाच फोटो नव्हता. सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. बाबांनी लोकांच्या लग्नांत हजारो चेहरे टिपले आणि आई दर वेळी दिवा धरून त्यांच्या मागे उभी. कॅमेरा तिच्याकडे वळला की हात तोंडावर! ती गेली तेव्हा मागे राहिला एक न धुतलेला रोल, तिच्या शेवटच्या आठवड्यातला. तो धुवायचं बाबांना आठ महिने धाडस झालं नाही.

शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी नव्या पावडरी आणल्या. न्हाणीघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि न उमटलेलं विरघळवून चित्र पक्कं करणारा फिक्सर कालवले आणि सवयीप्रमाणे सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून फळीवर ठेवले, डेव्हलपर नेहमीसारखा डावीकडे. प्लॅस्टिकची बाटली दाबली की आतली हवा निघते आणि डेव्हलपर लवकर बिघडत नाही. काचेची कशी दाबणार?

त्याच आठवड्यात लेक चार वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली. दुसऱ्याच दिवशी नात त्यातली एक बाटली मांडीत धरून झाकण फिरवताना सापडली. लेकीने बाटली हिसकावून परत फळीवर ठेवली आणि बाबांना फैलावर घेतलं.

"विष आहे हे, बाबा! आणि तुम्ही सरबताच्या बाटलीत ठेवता?"

"अगं, चाळीस वर्षं ठेवतोय."

"मग मी कशी वाचले, देव जाणे!"

बाबा दुपारी झोपले तेव्हा तिने सगळं रीतसर केलं. हातमोजे घातले, खिडकी उघडली, घट्ट बुचाच्या दोन तपकिरी काचेच्या बाटल्या आणून दोन्ही द्रावणं त्यांत ओतली. दोन्हींवर मोठ्या अक्षरात 'विष' आणि तारीख लिहिली. काढताना तोंडावर सांडू नये म्हणून त्या खालच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जुन्या बाटल्यांना रबरबँड गुंडाळलेले होते. बाटली दाबलेली राहावी म्हणून असतील, असं समजून तिने ते बाटल्यांसकट फेकून दिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अंधारात रोल उजेड न शिरणाऱ्या डब्यात चढवला आणि बाहेर येऊन हात पुढे केला. डोळे अधू झालेले, नाक तर या वासांनी कधीच मेलेलं.

"डेव्हलपर कुठला?"

"डावीकडचा. फळीवर होत्या तशाच भरल्यात मी."

"आधी फिल्मचा एखादा तुकडा बुडवून बघू का? डेव्हलपरच असेल तर काळा पडेल."

"बाबा, मी स्वतः भरल्यात ना?"

बाबांनी मान डोलावली. एरवी त्यांनी कोणाचं ऐकलं नसतं, पण लेकीचा शब्द त्यांना मोडवला नाही.

तासाभराने त्यांनी फिल्म बाहेर काढून खिडकीशी धरली. ती पाण्यासारखी नितळ होती. चेहरा नाही, भिंत नाही, कडेचे आकडेसुद्धा नाहीत. बाबा ती बोटांतून पुढे सरकवत राहिले, शेवटच्या टोकापर्यंत.

"आधी फिक्सर पडला," ते म्हणाले. "सगळं विरघळून गेलं. डेव्हलपरला मी एक रबर लावायचो, फिक्सरला दोन. हाताला कळायचं."

लेकीला तेव्हा आठवलं. मुलीच्या हातून ओढलेली बाटली आपण फळीवर कुठल्या बाजूला ठेवली, ते तिने पाहिलंच नव्हतं.

"मी फेकले ते रबर. बाबा, मी घालवली आईला!" ती जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडू लागली.

"पोर वाचली ना? मग बरंच केलंस." बाबा तिच्याशेजारी बसले. "बाटल्या माझ्या. सांगायला मी हवं होतं."

मग तिने डोळे पुसत विचारलं, "कशी दिसत होती हो ती?"

"पस्तीस फोटोंत तोंडावर हातच. शेवटच्या वेळी मात्र तिने आपण होऊन हात खाली घेतला आणि काहीतरी सांगायला लागली."

"काय?"

"मी म्हटलं, बोलू नकोस, फोटो हलेल." बाबांनी ओली फिल्म मुठीत गोळा केली. "ती गप्प बसली. नंतर विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही."