झोळीची फांदी

मित्रांनो, संतपूरच्या शिवारात बांधावर जो जुना कडुलिंब दिसतो, तो मी. जमिनीलगतच माझी दोन खोडं झाली आहेत. लोकांना वाटतं, हा जन्मापासूनच असा. तसं नाही.

मी वीतभर होतो, तेव्हा सुभद्राबाईंच्या शेळीने माझा शेंडा खाल्ला. शेंडा असतो तोवर खालचे डोळे, म्हणजे फुटव्यांचे कोंब, निजून असतात. तो गेला आणि दोन डोळे एकदम जागे झाले. त्यांचीच ही दोन खोडं. नुकत्याच लग्न होऊन या शेतावर आलेल्या सुभद्राबाईंनी शेळीला चार शिव्या दिल्या आणि माझ्याभोवती बाभळीचे काटे लावले.

मग मी वाढलो. सावलीत अडकलेल्या फांद्या वाळून गळाल्या. खालची एकच, ऊन खात शेतावर आडवी राहिली. तिला सुभद्राबाईंनी लुगड्याची झोळी बांधली. आत त्यांचं शेंडेफळ, शिवशंकर. त्या खुरपत राहायच्या आणि वारा सुटला की मी त्याला जोजवायचो.

आता शिवशंकर शेत बघतो. हार्वेस्टरला आडवी येते म्हणून त्याला हीच फांदी तोडायची होती. "थांब की, झाड वाढलं की फांदी वर जाईल," असं म्हणत सुभद्राबाईंनी दहा वर्षं काढली.

यंदा तो कुऱ्हाड आणि दहा वर्षांपूर्वी फांदीची उंची मोजून खूण केलेली काठी घेऊनच आला.

"माय, दहा वर्सांखाली काठी जिथं लागली, तिथंच लागायलीय. फांदी वर कामून जाईना?"

"जात न्हाई ती. शेंडा वर जातो, फांदी नुसती जाड होते. हे बघ झोळीच्या दोरीचा वळ. तू तान्हा होतास तवा माझ्या हाताशी होता, आजबी हाताशीच हाय."

"म्हंजे दहा वर्सं मला फसवायलीस व्हय?"

"खरं सांगितलं असतं तर ऐकला असतास?"

सुभद्राबाईंनी कमरेचा विळा काढला आणि त्या माझ्याखालच्या सोयाबीनमध्ये वाकल्या. "मशीन तिकडून ने. एवढ्या चार ओळी मी काढते."

"या वयात?" शिवशंकरने कुऱ्हाड खोडाला टेकवली, त्यांच्या हातातला विळा घेतला. "बस सावलीत. लई हट्टी हायस."

त्या बसल्या, बरोबर त्या वळाखाली.

मित्रांनो, मोडलेल्या शेंड्याच्या जागी मी दोन फुटवे काढतो. पण एवढी जुनी फांदी, तिच्यावरच्या वळासकट, मला पुन्हा काढता येत नाही. कुऱ्हाड उचलण्याआधी अशा फांदीखाली घटकाभर बसून बघा.