ओटीवरचे मासे

मितालीनं सलवार घोट्याच्या वर दुमडली आणि मगानं काचेच्या पेटीतलं पाणी बादलीत उपसायला घेतलं. पेटी अर्धी रिकामी झाली तसे नारिंगी मासे तळाच्या खड्यांपाशी गोळा झाले.

"ताई, नळाचं पाणी चालंल ना गो?" तिनं ओटीवरून विचारलं.

रंजना, तिची मोठी जाऊ, आत तांदळाची भाकरी थापत होती. पंचायतीचा महादू सकाळीच आळीतून ओरडत गेला होता, आज टाकीत ब्लीचिंग पावडर टाकलीय म्हणून. रविवार असल्यानं मिताली तेव्हा झोपेत होती आणि सासूबाई कानानं कमी ऐकायच्या. गेल्या वर्षी याच पावडरच्या पाण्यानं मागच्या हौदातले गप्पी मासे बघता बघता उलटे झाले होते. आरोग्य केंद्रवाल्यांनी डासांसाठी सोडलेले ते मासे रंजनानंच गाळणीनं काढून टाकले होते.

"घाल की," रंजना म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाण्याचा हात फिरवला.

मिताली रोज आसनगावहून कल्याणला जायची, चष्म्याच्या दुकानात. येताना एका संध्याकाळी ती हे मासे घेऊन आली आणि पेटी नेमकी सासूच्या ओटीवरल्या खाटेसमोर मांडली गेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून गीताबाई खाटेवरच होत्या. पेटी येईपर्यंत दिवसभर त्यांचं 'रंजू, रंजू' चालायचं. पाठ खाजव, खिडकी लाव, कोण गेलं ते बघ. शेजारणीपाशी रंजना कुरकुरायची, पण मनातून तिला त्या हाका हव्या असायच्या. या घरात आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढंच तिचं भांडवल होतं.

पेटी आली आणि हाका थांबल्या. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून रंजनानं वाट पाहिली. नऊ दिवस सरले, तरी सासूचं तोंड पेटीकडेच. सगळ्यात जाड्या माशाचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं होतं, कारण तो काम काही करत नसे आणि खायला सगळ्यांच्या पुढे. आल्यागेल्याला सांगायच्या, "माज्या धाकटीनं आणलेत हो. किती जीव लावते!" धाकटी दिवसभर कल्याणला. खाटेखालचं भांडं उचलायला थोरली. पेटीची काच पुसताना रंजनाला सरपंचाचाही राग यायचा.

जेवणं झाली, गीताबाईंचा डोळा लागला. रंजना मागच्या दारी भांडी घासत होती, तेवढ्यात ओटीवरून हाक आली.

"रंजू! अगो रंजू, धाव!"

तिला आधी आनंदच झाला. मितालीला नाही, आपल्याला हाक. राखेचे हात घेऊन ती धावली.

सरपंच पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होता. त्याचे कल्ले लालभडक झाले होते. एकदा कुशीवर कलला, सावरला, पुन्हा कलला आणि तसाच राहिला. दोन आधीच तळाशी गेले होते. मिताली आतून पळत आली, तिनं पाण्यात हात घालून त्याला सरळ धरायचा प्रयत्न केला. हात काढला की तो उलटा व्हायचा.

"काय झालं गो यांना? सकाळी बरे व्हते," ती रडायला लागली.

गीताबाई उठायला बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"रंजू, पाणी दे. घसा सुकला."

रंजनानं हात धुतले, आत जाऊन भांडं भरून आणलं आणि सासूच्या हातात दिलं. गीताबाईंना पावडरचा वास सहन होत नसे. म्हणून रंजना रोज संध्याकाळी त्यांच्यापुरती बिनपावडरच्या पाण्याची एक कळशी भरून ठेवायची. एरवी त्यांना माठातलंच पाणी. कळशी फक्त पावडरच्या दिवशी निघायची, आणि आजही सवयीनं तिचा हात तिकडेच गेला होता.

गीताबाईंनी घोट घेतला. भांडं नाकाशी नेलं. वास नव्हता, म्हणजे हे कळशीतलं. मग त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि नंतर बराच वेळ रंजनाकडे.

मितालीनं ओला हात हुंगला. "पावडरचा वास येतोय. ताई, आज पावडर टाकलीय का? तुमाला म्हाईत व्हतं?"

खोटं बोलायचं रंजनानं ठरवलंही होतं, पण सासू समोर होती.

"तिला कसं म्हाईत असंल?" गीताबाई म्हणाल्या. "सकाळपासनं माज्यापाशीच व्हती ती. नळावर गेलीच नाय."

मितालीनं मान हलवली. तिला ते पटलं. पदर नव्हता म्हणून तिनं बाहीनंच डोळे पुसले. रंजना खांबाला टेकून उभी राहिली. आपली बाजू घेतली म्हणून बरं वाटावं, तर तसं काही वाटेना.

"रंजना," गीताबाई म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. "रडून रडून पोरीचा घसा सुकला असंल. तिला पण पाणी दे."

रंजना माठाकडे वळली.

"त्यातलं नको. मला देतेस त्यातलंच दे."

रंजनानं कळशी वाकवली. मितालीनं भांडं तोंडाला लावून एका दमात रिकामं केलं.

"ताई, किती गोड लागतंय हे पाणी," ती म्हणाली. "अजून हाय?"