एरंड, भोपळा आणि मी

मित्रांनो, विद्वानांना गप्प बसवणे हे माझे काम. मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. प्राचीन हिब्रू धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाची मी घंटा.

माझा जन्म तिसा नदीकाठच्या सेगेद गावात, बालिंत ओताऱ्याच्या भट्टीत झाला. मंडळाची पहिली सभा त्याच गावात भरली होती. पोलंडचे रब्बी, ग्रीसचे पाद्री, इटलीच्या पंडिता, सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कोणाचे कोणाला ऐकू येत नव्हते. शेवटी अध्यक्ष वैतागून भट्टीवर गेले.

"प्राध्यापकांची जीभ थांबेल असं काहीतरी बनवून दे बाबा."

"तसला धातू अजून सापडला नाही, साहेब," बालिंत हसला. "घंटा देतो. पुढे तुमचं नशीब!"

तुटक्या दारमुठी आणि कोणा सुनेने टाकून दिलेला खलबत्ता वितळवून त्याने मला घडवले. माझ्या आवाजात थोडा ठसका आहे, तो बहुधा त्या खलबत्त्याचा असावा.

मग माझी भटकंती सुरू झाली. सभा कधी क्राकोव्हला, कधी थेसालोनिकीला, तर कधी त्रिएस्तेला. अध्यक्षांच्या लोकरी मोज्यात गुंडाळून मी प्रवास करी. एकदा सरहद्दीवरच्या शिपायाने पेटी उघडून विचारले, "हे काय?" अध्यक्ष गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हत्यार." त्या विनोदापायी आमची गाडी चुकली.

पण कामाचे कौतुकही खूप झाले. कोणाचे भाषण लांबले की मी वाजे आणि सगळे सभागृह सुटकेचा श्वास टाके. एका वृद्ध ग्रीक पाद्रींनी तर मला उचलून कपाळाला लावले. "तुझ्यामुळे आज गरम जेवण मिळालं, बाई!" असे ते म्हणाले.

मला जुमानत नसत ती फक्त दोन माणसे. प्राध्यापक आर्मिन पोलगार आणि प्राध्यापक हेदविग सोमोगी. दोघे एकाच गुरूंचे शिष्य, एकाच बाकावर बसून हिब्रू शिकलेले. पण त्यांच्यामध्ये एक झाड उगवले.

त्याचे असे झाले. धर्मग्रंथात योना नावाच्या प्रेषिताची गोष्ट आहे. तो गावाबाहेर उन्हात रुसून बसला, तेव्हा देवाने त्याच्या डोक्यावर सावलीसाठी रातोरात एक झाड उगवून आणले. हिब्रूत त्याला म्हणतात कीकायोन. आता कीकायोन म्हणजे कोणते झाड? आर्मिनसर म्हणत, एरंड. जुने यहुदी पंडित एरंडाच्या तेलाला असेच काहीसे नाव देत, हा त्यांचा पुरावा. हेदविगबाई म्हणत, भोपळ्याचा वेल. कारण ज्यांनी हा ग्रंथ पहिल्यांदा ग्रीकमध्ये नेला, त्यांनी भोपळाच लिहिला आहे.

"पुरे झालं हे एरंडाचं गुऱ्हाळ!" बाई भर सभेत म्हणत.

"एवढी वर्षं खपलीस, हाती काय आलं? भोपळा!" सर उलटून म्हणत.

आधी सगळे हसत. पण हळूहळू एरंडवाले एका बाजूला बसू लागले आणि भोपळेवाले दुसऱ्या बाजूला. चहाची टेबलेही वेगळी झाली. दोघा जुन्या मित्रांनी तर एकमेकांशी सभेबाहेर बोलणेच सोडले. भांडणात वापरायला शब्द भरपूर होते, पण खुशाली विचारायला एकही उरला नाही. मी टेबलावरून हे सारे पाहत होते आणि मला फार वाईट वाटत होते.

त्याच सुमारास मंडळाने एक विजेचा दिवा आणला. वेळ संपली की तो लाल होई. सगळ्यांना तो फार आवडला. माझी रवानगी कपाटात झाली. सुकलेली शाईपेने आणि कोणाची तरी विसरलेली छत्री, हे माझे नवे शेजारी. माझ्यावर हिरवट डाग पडले. पितळेला वापराची सवय असते, मित्रांनो. आराम त्याला मानवत नाही.

मग एके सकाळी कपाट उघडले. समोर बोरिश्का होती, मंडळाची नवी अध्यक्ष. सर आणि बाई, दोघांचीही ती विद्यार्थिनी. तिने मला लिंबू चोळून लख्ख केले आणि सेगेदच्या सभागृहात नेले. का, ते मला तिथे कळले. आर्मिनसरांची दृष्टी गेली होती. त्यांना लाल दिवा दिसणार नव्हता.

त्या दिवशी दुपारी मोठा निर्णय होता. मंडळाचे दोन तुकडे करावेत, असा ठराव भोपळेवाल्यांनी आणला होता. त्याआधीचे शेवटचे भाषण सरांचे.

सर उभे राहिले. भाषण त्यांनी कोणाकडून तरी लिहून घेतले होते आणि पाठ केले होते. सुरुवात झोकात झाली. पण मध्येच एक उतारा आठवेना. जुन्या सवयीने त्यांनी हातातले कागद डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, पुन्हा जवळ आणले.

"माफ करा," ते म्हणाले. "पुढचं... पुढचं मला येत नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. काठी टेकत हेदविगबाई मंचावर चढल्या.

"दे इकडे."

"हेदा?" सरांनी आवाज ओळखला. "तू वाचणार? अगं, त्यात तुलाच..."

"मलाच काय?"

"ते तिसरं पान तेवढं सोडून दे."

"का म्हणून? माझ्यावरच आहे ना? मग तेच आधी वाचते!"

आणि त्यांनी वाचले. 'सोमोगीबाईंना भोपळ्याचा इतका लळा का, याचा शोध वैद्यांनी घ्यावा,' हे वाक्य त्यांनी असे काही खणखणीत वाचले, की दोन्ही बाजू खो खो हसल्या. मग पुरावे आले. एरंडाचे रुंद पान, त्याची झपाट्याने होणारी वाढ, तेलाचे ते जुने नाव. बाई एकेक मुद्दा इतक्या ताकदीने मांडत होत्या, जणू तो त्यांचाच आहे. कुठे आवाज खाली आणला नाही, कुठे शब्द गाळला नाही. सर ऐकत होते.

वेळ संपली. बोरिश्काने मला उचलले. मी वाजायला तयार होते. पण तिने माझ्या पोटात बोट घालून माझा लोलक घट्ट धरला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पुष्कळ वाजले. पण त्या दिवशी न वाजण्यात मला जो मान मिळाला, तो वाजून कधीच मिळाला नव्हता.

वाचन संपले. बाईंनी कागद नीट जुळवून सरांच्या हातात दिले.

"छान लिहिलंयस. सगळं चूक आहे, पण छान लिहिलंयस. आता माझं उत्तर ऐक."

"बोरिश्का, घंटा कुठे आहे?" सरांनी टेबल चाचपडले, मला पकडले आणि लहान मुलासारखे दणादण वाजवले. "वेळ संपली, हेदा! खाली बस!"

सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दुपारी ठराव पुकारला गेला, तेव्हा तो मांडायला कोणी उठलेच नाही.

नंतर सगळे नदीकाठच्या खानावळीत गेले. बोरिश्काच्या पिशवीतून मीही गेले. लालभडक तिखट रस्सा आला, त्यात मासळीचे मोठे तुकडे. बाई सरांच्या ताटातल्या माशाचे काटे एकेक करून काढत होत्या आणि भोपळाच कसा बरोबर, हे त्यांना ठणकावून सांगत होत्या.

"अगं, जेवू तरी दे," सर म्हणाले.

"जेव की. तोंड तुझं चालू राहू दे, कान मला दे."

मित्रांनो, एका म्हाताऱ्या घंटेचे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूंवरचा गंज वेळेवर काढत जा, आणि जुन्या मैत्रीवरचाही. वाद जरूर घाला, अगदी कडाडून घाला. पण समोरच्याच्या ताटात काटा दिसला, तर आधी तो काढा.