घरचा माणूस
वॉशिंग मशीन ट्रकमधून उतरवताना पट्टा सुटला आणि सगळा भार माझ्या कमरेवर आला. काम दोघांचं, पण त्या दिवशी मी ड्रायव्हर एकटाच; जोडीला माणूसच दिला नव्हता.

डेपोचा सुपरवायझर माझा साडू. दवाखान्यात येऊन म्हणाला, "साडूभाऊ, काळजी सोडा. रिपोर्ट मीच लिहिणार. घरचा माणूस असताना कशाला घाबरता?" बायकोने तर त्याला हात जोडले.

आज कंपनीचं पत्र आलं. दुखापत कामावरची नाही, म्हणून भरपाई नाही, पगारी रजाही नाही. सोबत साडूच्या सहीचा रिपोर्ट होता: 'ड्रायव्हरची कंबर आधीच दुखावलेली होती. महिन्यापूर्वी त्याने खासगी ठिकाणी जड सामान उचलले होते.'

मी भिंत धरून उठलो आणि त्याला फोन लावला. "केसाने गळा कापलात!"

"एक अक्षर तरी खोटं आहे का?" त्याने मलाच विचारलं. "माणूस कमी दिला होता असं लिहिलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

खरंच, अक्षर खोटं नव्हतं. महिन्यापूर्वी मी एक लोखंडी कपाट तीन जिने चढवलं होतं आणि कमरेत चमक भरली होती. "हमाल कशाला? मी आहे ना," असं मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो.

कपाट कुणाचं, एवढं मात्र रिपोर्टात नाही. ते साडूच्या बेडरूममध्ये ताठ उभं आहे. मला अजून ताठ उभं राहता येत नाही.