झोपून बघणारं गिऱ्हाईक

गादीवाल्या मावशींना इंग्रजीचे मोजून वीस-पंचवीस शब्द येत. तेवढ्यावर त्यांचं दुकान आजवर कधी अडलं नव्हतं.

एका दुपारी दवाखान्यात नव्यानेच आलेला परदेशी डॉक्टर गादी बघायला आला. रात्रपाळी करून त्याचे डोळे तांबारले होते. त्याने एक गादी दाबून पाहिली, दुसरी दाबून पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, “आय विल स्लीप ऑन इट.”

मावशींना सगळे शब्द कळले. त्या हरखल्याच. तीस वर्षं लोक गाद्यांना नुसते गुद्दे मारून जात होते. अंग टाकून बघतो म्हणणारं शहाणं गिऱ्हाईक हे पहिलंच! त्यांनी लगबगीने धुतलेली चादर अंथरली, उशी ठेवली. “झोपा. खुशाल झोपा.”

डॉक्टर हात हलवत “नो, नो” करू लागला.

“लाजताय काय? बूट काढा!” मावशींनी दटावलं.

बिचारा भिडेखातर आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला.

मावशींनी शटर अर्धं ओढलं. उशा न्यायला आलेल्या बाईंना ओठांवर बोट ठेवून बाहेरच थोपवलं.

तासाभराने सून शाळेत शिकवून परतली. “अहो आई, हे कोण?”

“गिऱ्हाईक. स्लीप ऑन इट म्हणाला.”

सुनेने कपाळाला हात लावला. “अहो, म्हणजे आत्ता ठरवत नाही, विचार करून उद्या सांगतो, असं! गादीशी काही संबंध नाही त्याचा. नोकरी बदलायची असली तरी असंच म्हणतात.”

“अगं बाई! आणि मी त्याला बूट काढायला लावले!”

सुनेला हसू आवरेना. त्या आवाजाने डॉक्टर दचकून उठला. तिने सगळा घोळ सांगितल्यावर तोही पोट धरून हसला. मग जरा संकोचून म्हणाला, खांद्याखाली काहीतरी टोचत होतं.

सुनेने ते सांगताच मावशींनी हात फिरवून पाहिला. खरंच, कापसाची गुठळी राहिली होती. राग यायचा सोडून त्यांना बरंच वाटलं; नुसत्या गुद्द्यांनी ती कधी सापडली नसती. तिथल्या तिथे शिवण उसवून त्यांनी कापूस पिंजला, पुन्हा टाके घातले. डॉक्टर शेजारी मांडी घालून बघत बसला. दोरा संपला तेव्हा रीळ त्यानेच पुढे केलं. मग सुनेला हळूच काहीतरी विचारून, गादीवर थाप मारत मावशींना म्हणाला, “हीच!”

त्याच आठवड्यात मुलाने विचारलं, दुकानाला पिवळा रंग देऊ या का? “आय विल स्लीप ऑन इट,” मावशी ऐटीत म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ‘नको’ म्हणून मोकळ्या झाल्या.

आता दुकानाच्या कोपऱ्यात एक गादी कायमची अंथरलेली असते. गिऱ्हाइकं लोळून बघतात. शेजारचा कुलूपवाला तर जेवण झालं की रोज येतो, या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, गंभीरपणे “हं” म्हणतो. त्याला गादी घ्यायची नाही, हे मावशींना पक्कं ठाऊक आहे. त्या उठून पंखा तेवढा वाढवतात.